दोनच मिनिटं

महेंद्रनं भेंडीच्या भाजीचा घास तोंडाशी नेला होता, तेवढ्यात समोर टेकवून ठेवलेल्या फोनवर एका नावापुढचा करडा ठिपका हिरवा झाला. नाव होतं भडंग. घास हातातच राहिला. एकोणीस दिवस तो ठिपका करडा होता. रोज दुपारी एक वाजता शिरवळच्या कारखान्याचा भोंगा झाला, की महेंद्र डबा घेऊन भंगाराच्या आवारामागं करंजाखाली लावलेल्या आपल्या गाडीत येऊन बसायचा, काच चार बोटं खाली करायचा आणि पहिल्या घासाआधी तो ठिपका बघायचा. करडा दिसला की जेवण कसंबसं उरकायचं, खेळ उघडा ठेवायचा, पण खेळायचं नाही. आज तो हिरवा झाला आणि महेंद्र बंद गाडीत एकटाच मोठ्यानं म्हणाला, "जिवंत हाय की गडी!" म्हणताना त्याचे डोळे भरून आले. बेचाळीस वर्षांचा माणूस, औषधाच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचा प्रमुख, हाताखाली अकरा जण, आणि डोळे कशानं भरले तर एका ठिपक्यानं. पण भरले खरे. ते पुसतापुसताच त्याच्या मनात आलं, की ठिपका हिरवा होणं म्हणजे फोन चालू होणं, एवढंच. फोन कुणीही चालू करू शकतं. भाजीचा घास त्यानं परत डब्यात ठेवला.

खेळ तसा पोरकटच. विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या, रिकाम्या घरांतून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी गोळा करायची आणि शेवटपर्यंत जगायचं. बेटाभोवती निळ्या धुराचं कडं असतं, ते सारखं आत सरकत येतं. त्याच्या बाहेर राहिलेला माणूस हळूहळू मरतो. तिघातिघांच्या तुकड्या. महेंद्रच्या तुकडीत तो स्वतः, खेळातल्या नावानं डोंगर. दुसरा तारीख, कुठल्याशा कोर्टातला वकील. आणि तिसरा भडंग. तिघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण अडीच वर्षं रोज दुपारी पंचवीस मिनिटं एकमेकांच्या कानात बोलत होते. स्वप्नानं, त्याच्या बायकोनं, एकदा विचारलं होतं, "एवढं काय असतं हो त्यात? मुलीनं खेळलं तर तुम्हीच ओरडाल." दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून कामाला येताना खंबाटकीच्या बोगद्यात उत्तर सुचलं, आणि बोगदा संपेपर्यंत सांगण्याची लाजही वाटायला लागली. मोठ्या माणसाचं कुठलंच काम संपत नाही. झाकणांचा एक लॉट पास केला की दुसरा उभा, वडिलांचा गुडघा बरा झाला की मोतीबिंदू, मुलीची दहावी झाली की अकरावी. इथं पंचवीस मिनिटांत निकाल. हरलो तर हरलो, नवं विमान, नवी उडी. आणि दुसरं, जे तो कुणालाच सांगणार नव्हता: या खेळात गोळी लागली की माणूस एकदम मरत नाही, गुडघ्यावर येतो, सोबत्यानं शेजारी बसून सात सेकंद बटण दाबून धरलं तर परत उभा राहतो. महेंद्र आयुष्यात पुष्कळदा गुडघ्यावर आला होता आणि दर वेळी आपला आपणच उठला होता. इथं मात्र "आलो रं, पडून ऱ्हा, आलो!" असं ओरडत भडंग गोळ्यांच्या माऱ्यातून पळत यायचा. स्वतः मरायचा बऱ्याचदा, पण यायचा.

तो भडंग आज आला आणि बोललाच नाही. तारीखनं दोघांनाही तुकडीत ओढून घेतलं, "अरे भडंगशेठ! वनवासाला गेलेला काय?" म्हणून चार-पाच टोमणे मारले. पलीकडून काही नाही. नावापुढचं माइकचं चित्र लाल, बंद. तिघं बेटावर उतरले आणि महेंद्र पडद्यावरच्या भडंगच्या माणसाकडं बघत राहिला. भडंग म्हणजे सगळ्यांच्या पुढं धावणारा, दार दिसलं की लाथ घालणारा. हा भडंग भिंतीला घासत चालत होता. दारापाशी गेला आणि आत न जाता तिथंच हलत राहिला, परक्या घराच्या उंबऱ्याशी पाहुणा घुटमळतो तसा. बंदूक पायाशी पडलेली, उचलली नाही. मग तो वळला, डोंगर जिथं उभा होता तिथं आला आणि त्याच्यासमोर दोन हातांवर येऊन थांबला. महेंद्र डावीकडं सरकला, तोही सरकला. महेंद्र जिना चढून गच्चीवर गेला, तो खाली जिन्याशी अडखळत, मागं होत, पुन्हा पुढं होत, शेवटी वर आलाच. तारीख कुठं आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. महेंद्रनं न बोलता अंगठा नेला आणि आपला माइक बंद केला. का केला, हे त्या क्षणी त्यानं स्वतःला विचारलं नाही. मग अक्षरं टाइप केली, "माइक बिघडलाय." कपाळावर घाम आला होता, तो त्यानं डब्याच्या फडक्यानं पुसला.

नियम त्याचाच होता. अडीच वर्षांपूर्वी पहिल्याच दुपारी भडंगनं विचारलं होतं, "गाव कुठलं गड्या? पाव्हणं कोन तुमी?" विचारण्यात खोट काही नव्हती, आपल्याकडं माणूस माणसाला असंच विचारतो. पण महेंद्रला वडील आठवले. वडूजकडच्या खेड्यात पोस्टात काम केलेले त्याचे वडील, जालिंदर, कुणाच्याही दारात गेले की पाण्याचा तांब्या पुढं येण्याआधी स्वतःहून आडनाव सांगायचे. म्हणजे समोरच्याला विचारायचा त्रास नको, आणि पुढं केलेला तांब्या मागं न्यायचाही त्रास नको. आजोबांनी छप्पन्न साली बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतला होता, पण गाव विसरायला तयार नव्हतं. आता तांब्याचं कुणी बघत नाही म्हणतात. तरी कारखान्यात नवीन आलेला मॅनेजर विश्वजीत पहिल्याच चहाला हसून म्हणाला होताच, "महेंद्र... आणि पूर्ण नाव?" त्या हसण्याची महेंद्रला इतकी चीड होती, की बंद गाडीत, माइकवर, तो तुटकपणे बोलून गेला होता, "हितं नाव-गाव कुनी कुनाला इचारायचं न्हाई. विमानातनं उडी मारली की तिघंबी सारखी. पटतंय का?" भडंग मोठ्यानं हसला. "लय बेस! आमचं काय जातंय. तू डोंगर, मी भडंग." त्या दिवशी महेंद्र कारखान्यात शीळ घालत परत गेला होता. त्याच्या आयुष्यात त्यानं केलेला आणि लोकांनी पाळलेला तो पहिला नियम होता.

नियम पाळूनही माणूस कळतोच. भडंग सांगलीचा, हे नावावरूनच उघड होतं. तो दुपारी जेवायला घरी यायचा आणि जेवणाआधी खेळायचा. कानात बोंडं घातली की कान दुखतो म्हणून फोन उघड्यावरच ठेवायचा, त्यामुळं त्याचं सगळं घर ऐकू यायचं: कुकरची शिट्टी, पंख्याची कुरकुर, आणि रोज न चुकता एका बाईचा आवाज, "आवं, ताट वाढलंय. गार हुतंय." "आलो, आलो," भडंग म्हणायचा आणि हलायचा नाही. तारीख तर त्या आवाजावर घड्याळ लावायचा. पुराच्या साली पाणी गल्लीत आलं तेव्हा भडंग दोन दिवस गच्चीवरून खेळला होता; "खाली पानी, हितं गोळ्या, कुटं जायाचं रं मानसानं," म्हणाला होता. आणि अगदी अलीकडं, या सगळ्याच्या पंधरा दिवस आधी, खेळ संपता संपता तो एकदम हळू आवाजात म्हणाला होता, "डोंगर, माजा नंबर लिवून घे की. कवा लागला तर." महेंद्रला खरं तर बरं वाटलं होतं. पण नंबर म्हणजे फोनवर नाव येणार, नावाला फोटो येणार, आडनाव येणार, एखाद्या दिवशी "या की सांगलीला" येणार. तो म्हणाला, "नियम म्हंजी नियम." भडंग "बरं बरं" म्हणाला. त्या 'बरं बरं'चा सूर महेंद्रला आता रोज ऐकू यायचा, बोगद्यात हमखास.

मग तो मंगळवार. त्या दिवशी तारीख कामात अडकलेला, दोघंच खेळत होते. शेवटून दुसरं कडं आकसत होतं, समोर एकच तुकडी उरली होती, आणि भडंग म्हणाला, "निघतो रं गड्या. छातीत जड वाटालंय. घाम बी लय यायलाय." महेंद्रची नजर झाडीमागच्या हालचालीवर होती. "ॲसिडिटी आसंल," तो म्हणाला. "थांब रं, दोनच मिनिटं." भडंग थांबला. हेच महेंद्रला सोडत नव्हतं; नको म्हणाला असता, शिवी दिली असती, फोन आपटला असता तर गोष्ट वेगळी. तो गुमान थांबला. आधी त्याचा श्वास ऐकू येत होता, मग तो मोठा झाला, मग स्टीलचं भांडं फरशीवर पडल्याचा आवाज. बेटावर भडंगचा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. महेंद्रनं ते पाहिलं. पाहिलं, आणि झाडीमागच्या शेवटच्या माणसाला टिपलं, आणि पडद्यावर दोघांची नावं सोनेरी अक्षरांत आली, आणि तो ओरडला, "जिंकलो रं भडंग! जिंकलो!" पलीकडून बाईचा आवाज आला, पण ताटाचा नव्हे. "आवं. आवं, उठा की. आवं!" मग तो आवाज एकदम फोनच्या जवळ आला, इतका जवळ की तिचा श्वास माइकवर आपटला. "कोन हाय तिकडं? कोन बोलतंय? आवं, कोन हाय?" त्याच वेळी कारखान्याचा दीडचा भोंगा झाला. महेंद्रचा अंगठा बाहेर पडायच्या बटणावर गेला आणि त्यानं ते दाबलं. भोंगा झाला म्हणून दाबलं, असं तो पुढं चार दिवस स्वतःला सांगत होता. पाचव्या दिवशी त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. तिनं 'कोण' विचारलं, म्हणून दाबलं.

त्यानं काही केलंच नाही असं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर सांगलीच्या दवाखान्यांचे नंबर काढले, आणि मग लक्षात आलं की विचारायचं कुणाबद्दल? भडंग नावाच्या पेशंटबद्दल? पोलिसांना सांगायचं तर पत्ता काय, पुराचं पाणी येतं ती गल्ली? सांगलीत अशा गल्ल्या थोड्या आहेत का? रोज सकाळी तो फोनवर सांगलीची आवृत्ती उघडून निधनवार्ता वाचायला लागला. त्या आठवड्यात चाळीस-पन्नाशीतले सात पुरुष गेले होते. सात फोटो. महेंद्र एकेका फोटोवर तो आवाज बसवून बघायचा. एकाच्या ओठांवर 'आलो रं' बसायचं, दुसऱ्याच्या कपाळावर 'बरं बरं'. चष्मेवाल्या एकाला सगळंच शोभायचं. सात जणांपैकी कुणी तरी, किंवा कुणीच नाही. स्वप्ना चहा ठेवताना म्हणाली, "कोण वारलं हो?" आणि त्याच्या तोंडून निघालं, "माहीत नाही." तिनं फ्रीजमधून भेंडी काढली आणि चिरायला बसली.

आता भडंग रोज एकला हजर असायचा. विसाव्या दिवशी आला, एकविसाव्या दिवशी आला. तेरावं उरकून, पाहुणे परत गेल्यावर, कपाटातला फोन काढून चार्जिंगला लावायला जितके दिवस लागतील तितके दिवस गेले होते, हा हिशेब महेंद्रनं केला नाही, तो आपोआप झाला. ताटाला हाक मारणारी ती बाई हळूहळू शिकत होती. आता दारं उघडायला यायची, जिने चढायला यायचे. बंदूक अजून उचलत नव्हती. तारीख एकटाच बोलत राहायचा. साहेब कसे खेकसले, अशिलानं कोर्टात चप्पल कशी हरवली. आणि हे दोघं मुके, एक पुढं, एक मागं. "दोघांची जोडी बरी जमली," तारीख म्हणायचा, "नवरा-बायकोसारखे गप्प." महेंद्रच्या अंगावर काटा यायचा. तिनं तारीखचा आवाज ऐकला होता आणि तो नव्हे हे तिनं ओळखलं होतं. दोन माणसांतून एक वजा केला की उरतो कोण? ती वाट बघत होती, एवढंच. मग खेळणं बंद का करत नाहीस, असं त्यानं स्वतःला आरशात विचारलं, दाढी करताना. कारण बंद केलं की तिच्या 'कोण'ला तेच उत्तर होईल. आणि दुसरं कारण, जे ओशाळवाणं होतं पण खरं होतं: एक वाजता भोंगा झाला की त्याचे अंगठे शिवशिवायचे. त्याला खेळायचं होतं. त्या मंगळवारानंतर, तिच्या त्या नजरेखालीसुद्धा त्याला खेळायचंच होतं. दिवसभरात कुणी त्याची अशी वाट बघत नव्हतं. "डबा तसाच परत आणता हल्ली," स्वप्ना म्हणाली, "काय होतंय तुम्हाला? सांगाल का एकदा?" तो म्हणाला, "जड वाटतं जरा." म्हणाला आणि स्वतःच दचकला.

पुन्हा मंगळवार आला. सकाळी गाडीत, साताऱ्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत, त्यानं वाक्य घोकलं. ताई, मी डोंगर. त्या दिवशी मीच होतो. त्यांनी जातो म्हटलं होतं, मी थांबवलं. तीन वाक्यं. जास्त नको, माफी तर नकोच, माफी मागितली की समोरच्यावर ओझं येतं. एक वाजता तारीखचा निरोप आला, आज सुनावणी आहे, तुम्ही दोघं मरा. महेंद्रनं डबा उघडलाच नाही. बेटावर उतरल्यावर त्यानं माइक सुरू केला. तिचा माणूस नेहमीप्रमाणं समोर येऊन थांबला होता. महेंद्रनं तोंड उघडलं, आणि ते तिन्ही वाक्यांना पुरेल एवढा वेळ उघडंच राहिलं. पलीकडं त्याचा श्वास जात असणार, एवढंच. जरा वेळानं, त्याचं त्यालाही कळलं नाही, तो चालायला लागला. चालता चालता धावायला लागला. घरं, कुंपणं, बंदुका. ती मागं. निळं कडं नदीच्या अलीकडं आलं होतं. त्याला वाटलं, आता सांगू, हे मैदान ओलांडलं की सांगू. मैदानाच्या मधोमध त्याला गोळी लागली आणि त्याचा माणूस गुडघ्यावर आला.

ती आली. पहिल्यांदाच तिनं ते केलं. उघड्या मैदानात, हातात काही नसताना, थांबत, अडखळत, पण सरळ आली, शेजारी बसली, आणि पडद्यावर सात सेकंदांचं वर्तुळ भरायला लागलं. एक. दोन. भोवती गोळ्या मातीत घुसत होत्या. तीन. ती दचकली असावी, तिचा माणूस अर्धवट उठला, वर्तुळ रिकामं होणार, आणि महेंद्रच्या तोंडून, घोकलेलं सगळं बाजूला सारून, अडीच वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, "थांब रं, दोनच मिनिटं!"

ती थांबली. परत खाली बसली, बटण दाबून धरलं, आणि सातही सेकंद पुरे केले. डोंगर उभा राहिला. मग भडंगच्या नावापुढचं लाल चित्र हिरवं झालं, आणि पंख्याची ती कुरकुर महेंद्रच्या कानात आली, पूर्वी यायची तशीच.

"ह्योच आवाज," बाई म्हणाली. त्याला नव्हे. मग त्याला, "नाव सांगा."

"ताई, त्या दिवशी मी..."

"त्या दिवसाचं मला नगा सांगू. मी हितंच हुते. नाव सांगा. पुरं नाव."

कारखान्याचा भोंगा झाला. महेंद्रचा अंगठा आपणहून बाहेर पडायच्या बटणावर गेला, तिथं टेकला. करंजाची पानं काचेवर पडत होती. भोंगा नेहमीपेक्षा लांबला असं त्याला वाटलं. भोंगा थांबला. अंगठा त्यानं उचलून घेतला. "महेंद्र," तो म्हणाला. मग वडिलांचं नाव सांगितलं. मग, कुणी तांब्या पुढं करण्याआधी जालिंदर सांगायचे तसं, आडनाव. तालुका. गाव. कारखाना शिरवळला, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर सांगण्यासारखं काहीच उरलं नाही.

मग बाई फोनपासून लांब जाऊन कुणाला तरी म्हणाली, "घेतलं का लिवून?"

"घेतलं," एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. त्यानं ते नाव पहिल्यापासून सावकाश वाचायला सुरुवात केली, शाळेत हजेरी घेतात तसं. आडनावाशी आला आणि थांबला. कागद हलल्याचा आवाज झाला. "खटाव तालुक्यातलं व्हय," तो म्हणाला. "लांब न्हाई मग."

भडंगच्या नावापुढचा ठिपका करडा झाला. मैदानाच्या मधोमध डोंगर एकटाच उभा होता, धडधाकट, आत्ताच उचललेला, आणि निळा धूर कुंपण ओलांडून त्याच्या पायांशी येत होता.